प्रगतिपुस्तकात न दिसणारी नोंद

प्रगतिपुस्तकावर सही करताना आम्ही पालक गुणांची बेरीज पाहतो. मुलाला वाचता येते का, हे त्यातून कळत नाही. ‘प्रथम’ संस्थेने २००५ साली सुरू केलेल्या ‘असर’ पाहणीत मुलाला घरीच वाचायला देतात व नोंदवतात : अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद की दुसरीची गोष्ट. पाहणी ग्रामीण भागातली, पण रीत टिटवाळ्याच्या चाळीतही चालेल. शब्दांपाशी अडलेल्या पाचवीतल्या मुलाकडून पाचवीचे धडे घोकून घेऊन काय उपयोग? त्याला आधी छोटी वाक्ये, दुकानांच्या पाट्या द्याव्यात. पासबुकासारखी महिन्याला एक तारीखवार ओळ वहीत लिहून शिक्षकांना दाखवावी (आम्हा बँकवाल्यांची ही खोडच!). आईला अक्षरओळख नसली तरी मूल कुठे अडखळते, हे तिच्या कानाला कळते. वही मात्र पाहुण्यांपुढे उघडू नये. लाजलेले मूल पुस्तकच टाळते.