धामण : बंदिस्त पालन व प्रजननाचा प्रश्न (बार्शी परिसराच्या संदर्भात)

बार्शी ही धान्याची जुनी पेठ. आडतीतील पोती, शिवारातील कडब्याच्या गंजी आणि बांधावरची बिळे यांमुळे उंदीर-घुशींना येथे अन्न व आसरा दोन्ही मिळतात. त्यांच्या मागोमाग धामण येते. "धामणी पाळून, त्यांची पैदास करून शेतात सोडता येतील का?" असा प्रश्न शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थी वारंवार विचारतात. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

धामण पूर्णतः बिनविषारी असून तिची लांबी साधारणतः दोन मीटर, क्वचित बरीच अधिक भरते. तिचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ 'टायास म्यूकोसस' असे लिहिले जाई. 'टायास' हे प्रजातीनाम व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी असल्याचे २००४ मध्ये दाखवून देण्यात आले व 'म्यूकोसा' हे रूप रूढ झाले. मराठीने तिला आधीपासूनच स्त्रीलिंगी मानले होते! पिवळसर, तपकिरी, हिरवट अशा छटा आढळतात. परंतु केवळ त्यांवरून 'बार्शीची धामण' असे निराळे वाण मानता येत नाही.

प्रजननाबाबत गैरसमज फार. धामण ही नागाची मादी नव्हे. धामणींत नर व मादी स्वतंत्र असतात. परस्परांना वेटाळून उभे राहणारे दोन साप पाहून लोक 'साप जुगले' म्हणतात व त्यांवर शुभ म्हणून वस्त्र टाकतात. प्रत्यक्षात ती बहुधा दोन नरांची झुंज असते. मादी बिळात किंवा पालापाचोळ्यात साधारणतः सहा ते पंधरा अंडी घालते व सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात.

पालनातील खरी अडचण स्वभावाची आहे. धामण चपळ, दिवसा हिंडणारी व बुजरी असते. पिंजऱ्याच्या जाळीवर नाक आपटून ती स्वतःस जखमी करून घेते. शिवाय ती केवळ उंदीर खात नाही. बेडूक, सरडे, पक्षीही खाते. त्यामुळे सोडलेली धामण उंदरांचाच बंदोबस्त करील हे गृहीतक कच्चे आहे. जेथे भक्ष्य व आसरा आहे तेथे ती आपणहून येते; जेथे नाही तेथे सोडून टिकत नाही.

कायद्याचा प्रश्न तर निर्विवाद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये धामण संरक्षित असून तिला पकडणे, मारणे वा खासगीरीत्या पाळणे हा गुन्हा आहे. पकडलेला साप चार दिवस बरणीत ठेवून 'प्रात्यक्षिके' करणाऱ्या हौशी सर्पमित्रांनाही, प्रस्तुत लेखकाच्या मते, यातून वगळता येत नाही.

महाविद्यालयांना करता येण्याजोगे काम साधे आहे. गंज हलवताना किंवा बांध खोदताना अंडी उघडी पडली, तर ती फिरवू वा उलटवू नयेत. आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटलेला असतो व अंडे फिरल्यास तो मरण्याचा धोका असतो. अंडी आहेत तशीच मातीने अलगद झाकावीत आणि वनविभागास कळवावे.