चार इंची टायर आणि परभणीचा चिखल

श्रावणातली झड थांबून दोनच तास झालेत आणि कुणी पांदणीतून सायकल हाणत निघाला, तर त्याचं पुढे काय होणार हे परभणी जिल्ह्यात कुणालाही सांगावं लागत नाही. वीस-पंचवीस हात गेलं की चाकावर काळ्या मातीचा थर चढतो. तो मडगार्डखाली कोंबला जातो, ब्रेकच्या रबरांपाशी अडतो आणि चाक फिरायचंच थांबतं. स्वार उतरतो, बाभळीची काडी मोडून माती उकरतो, बसतो, पुन्हा उतरतो. शेवटी सायकल त्याच्यावर बसते. शाळकरी पोरं यावर सोपा उपाय करतात, मडगार्ड काढून ठेवतात. पाठीवर चिखलाची रेघ उठली तरी चालेल, चाक फिरलं पाहिजे.

गेल्या काही वर्षांत मोटारसायकलसारख्या जाड टायरांची फॅट बाइक सायकलच्या दुकानांत दर्शनी भागात उभी दिसते. वाळू, चिखल, दगड, कशातूनही बारा महिने जाते, अशी तिची ख्याती. ती खोटी नाही. फक्त ती ज्या जमिनीवर मिळवलेली आहे, ती जमीन परभणीची नाही.

डोंगरात सायकल हाणण्याचा खेळ कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात रुजला. माउंट टॅमलपाइसच्या परिसरातल्या उतारांवरून तिथली तरुण मंडळी जुन्या, जड, फुगीर टायरांच्या सायकली खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. नाव पडलं ‘रिपॅक’, कारण मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेला ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते नव्यानं भरावं लागायचं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यानं खास या कामासाठी सायकलची चौकट बनवली. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. महाराष्ट्रात संगमनेरच्या प्रणिता सोमण हिनं राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत पदकं मिळवून तो मराठी वाचकांच्या ओळखीचा केला.

फॅट बाइक ही याच घराण्यातली धाकटी पाती, पण तिचा जन्म बर्फातला. अलास्कात १९८७ साली कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वाटेवर ‘इडिटाबाइक’ नावाची सायकल शर्यत सुरू झाली. साधी चाकं बर्फात रुतत, म्हणून फेअरबँक्सच्या सायमन रॅकोवर यानं रुंद रिम बनवायला घेतल्या. ४४ मिलिमीटर रुंदीची त्याची ‘स्नोकॅट’ रिम गाजली. २००५ साली मिनेसोटातल्या सर्ली कंपनीनं ६५ मिलिमीटरची रिम आणि ३.७ इंची टायर असलेली ‘पग्सली’ बाजारात आणली. त्यानंतर ही सायकल हौशी कारागिरांच्या हातातून दुकानांत आली. जिथे हिवाळ्यात डोंगरवाटा बर्फाखाली जातात, तिथे आता उन्हाळ्यात माउंटन बाइक आणि हिवाळ्यात फॅट बाइक, असं वर्षभर चाक फिरतं ठेवता येतं.

या टायरची खरी करामत त्याच्या जाडीत नाही, आतल्या कमी हवेत आहे. ८० किलोचा स्वार आणि १६ किलोची सायकल धरली, तर मागच्या चाकावर साधारण ५५ किलो, म्हणजे १२० पौंड भार येतो. टायरमध्ये चौरस इंचाला ३० पौंड हवा असेल तर तो भार जेमतेम ४ चौरस इंच जमिनीवर टेकतो. हवा ८ पौंडांवर आणली की टायर पसरतो आणि तोच भार १५ चौरस इंचांवर वाटला जातो. उंटाचं पाऊल वाळूत रुतत नाही, त्यातलाच हा प्रकार. पंक्चरवाल्याकडून हाच टायर टणक करून घेतला, की जाड टायरचं ओझं तेवढं उरतं आणि फायदा निघून जातो. हा हिशोब वाळूलाही लागू पडतो. गंगाखेडच्या बाजूला उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी ओसरून वाळूचे पट्टे उघडे पडतात, तिथे साधी सायकल ढकलावी लागते आणि फॅट बाइक चालते.

काळ्या मातीचं गणित मात्र वेगळं आहे. बर्फ आणि वाळू चाकाखाली दबतात, चाकाला धरून वर येत नाहीत. काळीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर, आणि त्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी ओढून फुगतं. ओली माती म्हणूनच टायरलाही चिकटते आणि स्वतःलाही. चार इंची टायर तिच्यात कमी रुतेल, पण दुप्पट माती उचलेल. चौकटीच्या दांड्या आणि टायर यांच्यात आधीच बोटभर फट. ती भरली की विषय संपला. डिस्क ब्रेक असले तर निदान ब्रेक तरी रिमवरच्या चिखलात अडकत नाहीत, एवढाच दिलासा. एप्रिल-मेमध्ये हीच जमीन आक्रसून भेगाळते. त्या भेगांत दोन इंची टायर सहज जातो, चार इंची वरून निघतो. म्हणजे परभणीच्या काळीत फॅट बाइक कामाची ठरते ती भर उन्हाळ्यात, पावसाळ्यात नव्हे.

मग पावसाळ्यात जायचं कुठे? उत्तर जिल्ह्याच्या नकाशातच आहे. मधला मोठा भाग गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या खोऱ्यातला सपाट, काळा. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर. तिथे काळी माती पातळ होत जाते आणि झिजलेल्या बेसॉल्टचा मुरूम वर येतो. मुरमात पाणी थांबत नाही. पाऊस उघडला की थोड्याच वेळात चाकाला धर मिळतो. जिंतूरजवळ जैन गुंफामंदिरांचा नेमगिरी डोंगर आहे, त्याच तालुक्यात पूर्णेवरचं येलदरी धरण आहे. या टापूतल्या डोंगरवाटा गुरं, शेळ्या आणि गुराखी यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. शेळी सरळ चढ टाळते, डोंगराच्या कडेनं तिरकी जाते. माउंटन बाइकची वाट आखणारे जाणकारही तेच करतात आणि सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत ठेवतात. वाट उतारावर सरळ सोडली की टायरच्या चाकोरीत पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते.

या भागात सायकलस्वाराचा खरा वैरी चढ नाहीच, काटा आहे. बाभळीचा काटा ट्यूब आरपार भेदतो, आणि दिवाळीनंतर वाळलेले सराटे टायरला डझनानं टोचतात. माउंटन बाइकमध्ये यावर तोडगा म्हणून ट्यूबच काढून टाकतात आणि टायरमध्ये रबराचा चीक असलेलं पातळ द्रावण ओततात. छिद्र पडलं की ते तिथे गोठून बसतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की हे द्रावण लवकर आटतं, म्हणून ते वरचेवर तपासावं लागतं. गावातल्या पंक्चरच्या दुकानात पाण्याची घमेली, कानस आणि सोल्युशन असतं. चार इंची ट्यूब मात्र क्वचितच मिळते. फॅट बाइक घेऊन आडरानात शिरणाऱ्यानं दोन ट्यूब आणि पंप पाठीवर बांधलेला बरा.

पाऊस उघडला तरी शेतकरी पाभर घेऊन लगेच काळीत उतरत नाही, वाफसा येईपर्यंत थांबतो. पांदणीतल्या सायकलस्वारालाही तीच वाट पाहावी लागते. ओल्या पांदणीत पाडलेली खोल चाकोरी पुढे वाळून घट्ट होते आणि बैलगाडीवाल्याला महिनाभर हादरे देते. काळीला वाफसा येईपर्यंत मुरमाचा डोंगर मोकळा असतो. दिवाळी ते होळी हा मात्र सगळ्या जिल्ह्याचा हंगाम. थंडी कडक असते, काळी बसलेली असते, ज्वारी-हरभऱ्याच्या कडेनं जाणाऱ्या गाडवाटा टणक झालेल्या असतात. त्या दिवसांत जिंतूरहून निघून नेमगिरी करून येलदरीकडे वळायला सव्वादोन इंची टायरची साधी माउंटन बाइक पुरते. जड फॅट बाइक तेव्हा घरी ठेवली तरी चालते. तिची पाळी गोदेची वाळू उघडी पडली की येते.