१ जूनचा जन्म

आता ज्यांचे केस पिकले आहेत अशी चार मराठी माणसे एकत्र बसली आणि बोलता बोलता जन्मतारखांचा विषय निघाला, तर त्यांपैकी निदान एकाची तारीख १ जून निघते, आणि ती ऐकून बाकीचे तिघे समजूतदारपणे हसतात. एवढी प्रजा एकाच दिवशी जन्मास यावी असा काही चमत्कार महाराष्ट्रात घडलेला नाही. पोर झाले तेव्हा भाताची लावणी चालली होती किंवा नदीला मोठा पूर आला होता, एवढेच आईला आठवत असे. आणि तेवढ्यावर गुरुजींचे भागत नसल्यामुळे ते पोराकडे एकवार नीट न्याहाळून पाहत, हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरावयास सांगत, आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने त्या दिवशी सहा वर्षे पुरी भरतील अशा बेताने दाखलखारीज रजिस्टरात १ जून ही तारीख मांडून मोकळे होत. माझ्याही दाखल्यावर हीच तारीख आहे, आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तथापि ही तारीख कोणाला हवी होती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पहिलीत बसून पाटीवर ‘ग’ गिरवणाऱ्या पोराला ती नको होती, त्याच्या आईबापांना नको होती, आणि खरे म्हणजे गुरुजींनाही नको होती. ती हवी होती वर कोठे तरी, शिष्यवृत्तीच्या आणि मॅट्रिकच्या अर्जावर, पुढे नोकरीच्या दप्तरात, आणि शेवटी निवृत्तीच्या हुकमावर. खालच्या पायरीवर जे लिहिले जाते ते वरच्या पायरीच्या सोयीसाठी, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा शिरस्ता आहे, आणि ही व्यवस्था ज्या क्रमाने उभी राहिली तो क्रम पाहिला म्हणजे त्याचे कारण कळते.

आजचे मूल अंगणवाडीतून प्राथमिक शाळेत, तेथून माध्यमिक शाळेत, मग कनिष्ठ महाविद्यालयात आणि शेवटी विद्यापीठात जाते. परंतु व्यवस्था मात्र नेमकी उलट्या दिशेने चालत आली. १८५४ मध्ये चार्ल्स वुडचा सुप्रसिद्ध खलिता आला, आणि त्याला अनुसरून १८५७ मध्ये, म्हणजे उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्यापुढे नमुना होता लंडन विद्यापीठाचा, आणि त्या नमुन्यात विद्यापीठाने शिकवावयाचे नव्हते. शिकवावे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदवीची सनद द्यावी, असा तो प्रकार होता. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ जन्मास आले ते परीक्षा घेणारी कचेरी म्हणून. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली, तीस १३२ उमेदवार बसले आणि २२ उतरले. १८६२ मध्ये पदवी मिळालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ही प्रवेशपरीक्षा म्हणजेच पुढे घराघरांत धाक बसवणारी मॅट्रिक. ती विद्यापीठाच्या दारावरची चौकी होती, आणि हायस्कुलात काय शिकवावे, कोणत्या भाषेत शिकवावे, हे त्या चौकीवर काय तपासले जाते त्यावरून ठरू लागले. हायस्कूल मॅट्रिकसाठी आणि मराठी शाळा हायस्कुलासाठी, अशी ही साखळी खाली खाली येत गेली.

वरच्या वर्गाला शिकवावे म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांचे आवडते तत्त्व होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी त्यावर सरळ बोट ठेवले: सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. त्यांची मागणी प्राथमिक शिक्षणाची होती. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेही किती बेताचे, तर ज्या स्थानिक संस्थांना इच्छा असेल त्यांनी आपल्या हद्दीत सक्ती करावी एवढेच त्यांचे मागणे होते. पण पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. जे ब्रिटिश हिंदुस्थानात जमेना ते संस्थानांत मात्र जमले. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले. ती मुदत केव्हाच टळली. २००२ च्या घटनादुरुस्तीने ते मूलभूत हक्कांत आणले, २००९ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. पहिल्या विद्यापीठापासून पहिलीच्या हक्कापर्यंत पोहोचावयास आपल्याला १५३ वर्षे लागली.

हा कायदा मात्र चांगला नेटका आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्याने दिला; प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक वर्गांत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले; विनाअनुदानित खाजगी शाळांत प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, असेही त्यात एक कलम आहे, आणि ते वाचून १ जूनवाल्या आम्हा मंडळींना मौज वाटते. आठवीपर्यंत कोणाला नापास करू नये असेही मूळ कायद्यात होते. पण परीक्षेवाचून आपल्याला करमत नाही, आणि २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी व आठवी या दोन इयत्तांत तो अडसर पुन्हा घालण्याची मुभा राज्यांना मिळाली.

शिक्षण हा विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून केंद्र आणि राज्य या दोहोंच्या समवर्ती सूचीत आहे. धोरण दिल्लीत ठरते, शाळा राज्य चालवते, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत ती जिल्हा परिषद चालवते. शिक्षणाधिकारी, त्यांच्याखाली तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, मग आसपासच्या शाळांचा एक गट पाहणारे केंद्रप्रमुख, आणि सर्वांच्या शेवटी दोन खोल्यांच्या शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणारे गुरुजी अथवा बाई. या उतरंडीतून हुकूम खाली जातो आणि माहिती वर येते. किती मुले पटावर, किती हजर, किती जेवली, किती गणवेश वाटले, हे सारे पूर्वी वहीत लिहून पाठवत, आता मोबाइलवर भरतात. काम त्यामुळे कमी झाले असे मला तरी कोणा शिक्षकाने सांगितलेले नाही.

माध्यमिक शाळांची गोष्ट वेगळी आहे, कारण महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळा सरकारच्या नाहीत. वुडच्या खलित्यानेच अनुदानाची पद्धत घालून दिली: शाळा खाजगी संस्थेने काढावी आणि सरकारने तिला द्रव्यसाहाय्य करावे. महाराष्ट्राने या पद्धतीचे जे सोने केले तसे क्वचितच कोठे झाले असेल. १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी ही त्यातलीच, आणि भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काढलेली रयत शिक्षण संस्थाही त्यातलीच, जिच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस जेवली आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत शिकली. अनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार सरकार देते, नेमणूक संस्था करते, आणि दर वर्षी पट मोजून किती शिक्षक मंजूर करावयाचे ते संचमान्यतेने ठरते. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगाव मुलांच्या शोधात दारोदार फिरणारी माणसे दिसली तर त्यांत पुष्कळदा त्या शाळेचे शिक्षकच असतात.

दहावी आणि बारावी यांविषयी मराठी वाचकाला नव्याने काय सांगावे? १९६६ पासून काम करणाऱ्या राज्य मंडळाचे आज नऊ विभाग आहेत, आणि दर वर्षी पंधरा लाखांहून अधिक मुले दहावीस बसतात. जुन्या रचनेत शाळेची अकरा वर्षे आणि महाविद्यालयाची चार. कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर ती दहा, दोन आणि तीन अशी झाली. बेरीज दोन्हीकडे पंधराच. पण मधली दोन वर्षे शाळेची की महाविद्यालयाची, हा पेच आपल्याकडे पुरता सुटला नाही; अकरावीचे मूल नियमाने शालेय मंडळाचे असते आणि बहुधा महाविद्यालयाच्या इमारतीत बसून स्वतःस कॉलेजकुमार समजते. त्यातच वैद्यकीसाठी नीट, अभियांत्रिकीसाठी जेईई आणि सीईटी अशा नव्या चौक्या आल्या, आणि वर्गात नावापुरते नाव घालून दिवसभर खाजगी क्लासला बसण्याची चाल पडली. मॅट्रिकने हायस्कुलाचे जे केले तेच या परीक्षांनी बारावीचे केले.

आणि वर विद्यापीठ आहेच. राज्यपाल त्याचे कुलपती, प्रत्यक्ष कारभार कुलगुरूंचा, अभ्यासक्रम अभ्यासमंडळांचा, आणि अनुदान व दर्जा यांवर १९५६ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाची देखरेख. आज विद्यापीठांत शिकवण्याचे विभाग आहेत, संशोधनही चालते. तरी बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांतच शिकतात, आणि त्यांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे अजूनही १८५७ सालासारखे प्रश्नपत्रिका काढणारे, निकाल लावणारे आणि निकालास उशीर करणारे एक दूरस्थ दप्तर असते. देशात सुमारे पंधरा लाख शाळा आणि त्यांत जवळजवळ पंचवीस कोटी मुले आहेत. त्यांच्यातून उच्च शिक्षणापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण त्या वयोगटात २०२१-२२ मध्ये शंभरांत अठ्ठावीसच्या आसपास होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही मोजणीच पहिल्यांदा खालून सुरू केली. पाच, तीन, तीन आणि चार वर्षे अशा नव्या आकृतिबंधातील पहिली पाच वर्षे तिसऱ्या वर्षापासून आठव्यापर्यंतची आहेत. म्हणजे पहिली-दुसरीच्या आधीची तीन वर्षे प्रथमच शिक्षणाच्या हिशेबात आली. विद्यापीठीय पातळीवर श्रेयांक आणि चार वर्षांची पदवी यांचा गाजावाजा पुष्कळ झाला, परंतु माझ्या मते या धोरणातील महत्त्वाची गोष्ट ही खालची तीन वर्षे होत.

ही गोष्ट आपल्या मातीतच आधी घडलेली आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीस गेल्या तेव्हा त्यांनी बालवाडी काढली, आणि पाड्यांवरची मुले तिच्यात येईनात असे पाहून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तिचे नाव अंगणवाडी. मुलांना न्हाऊ घालावे, नखे काढावीत, मग शिंपले, बिया, पाने घेऊन गाणी म्हणत शिकवावे. आणि थोरली मुले गुरे राखावयास जातात तर कुरणशाळा काढून शाळेने त्यांच्यामागे कुरणात जावे. अनुताई वाघ यांनी हेच काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर चालवले. ज्या व्यवस्थेत मुलाने शाळेच्या वेळा, शाळेची भाषा आणि शाळेची तारीख पत्करावी असाच दंडक होता, तेथे मुलाच्या सोयीने शाळा हलली, असे हे विरळ उदाहरण. अंगणवाडी हे नाव पुढे सरकारने उचलले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आज देशभर पसरली आहे.

परंतु अंगणवाडी शिक्षण खात्यात नाही, ती महिला व बालविकास खात्यात आहे. शिक्षण हक्काच्या कायद्यात सहा वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था सरकार ‘करू शकेल’ अशी शब्दयोजना आहे. केलीच पाहिजे, असे तेथे म्हटलेले नाही. गावातील तान्ह्या मुलाचे वजन दर महिन्याला करून, त्याची लस, त्याचा आहार आणि त्याची खरी जन्मतारीख आपल्या नोंदवहीत लिहून ठेवणारी सेविका आहे म्हणून आता पोराला १ जूनचा जन्म घेण्याची पाळी येत नाही. प्राध्यापकाला दर महिन्याला वेतन मिळते, माध्यमिक आणि प्राथमिक शिक्षकाला वेतन मिळते. तीन वर्षांच्या मुलाला पहिले गाणे शिकवणारी सेविका सरकारी दप्तरात मानसेवी आहे, आणि तिला मिळते ते मानधन.