पोलादाला बाक येतो तेव्हा

30 सेंटिमीटर लांब, 25 मिलिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड अशी पोलादी पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून तळहाताने दाबा. साधं पोलादसुद्धा दर चौरस मिलिमीटरला 25 किलो भार पेलतं. त्या हिशेबाने ही पट्टी 300 किलोंनाही दाद देणार नाही. प्रत्यक्षात जेमतेम 580 ग्रॅमला ती धनुष्यासारखी वाकते. पाचशेपट फरक! पोलाद तुटलेलं नाही, चिरडलेलंही नाही. हात काढला की पट्टी पुन्हा सरळ. यालाच बकलिंग म्हणतात.

580चा हा आकडा येतो लिओनार्ड ऑयलरच्या 1744 सालच्या सूत्रातून. त्यात पोलादाची ताकद कुठेच येत नाही; येतो तो ताठपणा, छेदाचा आकार आणि लांबीचा वर्ग. ताठपणा महागड्या पोलादाचाही जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे खरा खेळ लांबीचा. बांधकामावरचा 48 मिलिमीटर व्यासाचा, 3.2 मिलिमीटर जाडीचा पाईप घ्या. सूत्रानुसार 3 मीटरचा टेकू अडीच टनांपर्यंत तग धरतो, 6 मीटरचा साडेसहाशे किलोंतच वाकतो. मध्यावर दोन्ही दिशांनी आडवे पाईप घट्ट बांधले, की तोच उंच टेकू पुन्हा अडीच टनांचा! मिस्त्री आडव्या पाईपांसाठी अडून बसतो तेव्हा त्याचं ऐकावं.

पातळ नळकांड्यापुढे मात्र सूत्रंही हात टेकतात. शीतपेयाच्या रिकाम्या ॲल्युमिनियमच्या डब्याची भिंत 0.1 मिलिमीटर, केसाएवढी. गणित म्हणतं, 270 किलो. नासाने 1968 साली चाचण्यांवरून सुचवलेली कपात लावली की उरतात सुमारे 105. गणितातला डबा निर्दोष गोल असतो, हातातला नसतो. जपून उभं राहिलं तर त्यावर माणूस तोलला जातो. बाजूला बोटाने टिचकी मारली, की डबा क्षणात चपटा.

कॅनडातल्या क्वेबेक पुलाच्या खालच्या अंगाच्या एका दांड्याला ऑगस्ट 1907 मध्ये सुमारे 2 इंच बाक आलेला दिसला. पुलाचं खरं वजन हिशेबात धरलेल्या वजनापेक्षा जास्त होतं. बाक मोजला गेला, कळवला गेला, पण काम चालूच राहिलं. 29 ऑगस्टला अवघ्या 15 सेकंदांत पोलादाचा तो डोंगर नदीत कोसळला. 86 पैकी 75 कामगार गेले.

दाबाखालच्या दांड्याला बाक दिसला, की पहिलं काम एकच: वजन चढवणं थांबवायचं.