दोष माणसाचा की मांडणीचा?



माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे शिकलो ते कामगारांच्या वस्तीत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा सरकारी कारभारातील संघटनशास्त्रावर मी बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण या शास्त्राकडे मला पुस्तकाने नेले नाही. एका विधवेच्या अर्जाने नेले.

आमच्या एका सफाई कामगाराच्या पत्नीचे पेन्शनचे प्रकरण एका कचेरीतून तीनदा परत आले. एकदा वयाचा दाखला नाही म्हणून, एकदा नावापुढे ‘बाई’ लिहिले आहे म्हणून, एकदा फोटो जुना म्हणून. मी संतापलो आणि दहा माणसे घेऊन कारकुनाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. तो हळूच म्हणाला, “दादा, महिनाअखेर मला एवढेच विचारतात, की किती प्रकरणे निकाली काढली? त्रुटी दाखवून परत पाठवलेले प्रकरणही निकालीच धरतात. पेन्शन किती जणांच्या हाती पडली, हे कोणी विचारीत नाही.”

मी गप्प झालो. त्याची बदली करवून आणली असती, तरी त्या खुर्चीत येणारा दुसरा माणूस तेच करणार होता. तेव्हापासून मी वाचू लागलो.

या शास्त्राचे ढोबळ दोन भाग आहेत. एक रचनेचा : हुकूम कोणी कोणाला द्यायचा, नियम कोणते, जबाबदारी कोणाची. दुसरा वर्तनाचा : त्या रचनेत बसलेली माणसे प्रत्यक्षात कशी वागतात. कागदावरची कचेरी एक असते आणि चालती कचेरी दुसरी.

रचनेची बाजू जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी मांडली. पद ही कोणाची मिरास नव्हे. योग्यता पाहून नेमणूक व्हावी, पगार ठरलेला असावा, काम लेखी नियमाने चालावे, असे आधुनिक नोकरशाहीचे रूप त्यांनी दाखवले. आपल्याला हे कळायला जर्मनीला जायला नको. आपल्याकडे गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरात असे आणि बापाचे काम मुलाकडे जाई. मुंबई राज्याने १९५० साली कायदा करून परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली. पगारी तलाठ्याची बदली झाली तरी दप्तर गावाचेच राहू लागले. नियमांच्या नावाने आपण बोटे मोडतो. पण नियम नसतो तेथे मर्जी असते, हे विसरू नये.

मात्र नुसत्या रचनेने भागत नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळ वॉटरटाउन येथे सैन्याचा सरकारी कारखाना होता. फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीप्रमाणे १९११ च्या ऑगस्टमध्ये तेथील फाउंड्रीत कामगारांच्या पाठीशी स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा केला. एका मोल्डरने असे मोजून घेण्यास नकार दिला. त्याला कामावरून काढले, तेव्हा सारे मोल्डर बाहेर पडले. आम्ही सरकारचे काम नेहमी चांगलेच करीत आलो आहोत, असे असता हा प्रकार अपमानाचा आहे, असा त्यांच्या अर्जाचा आशय होता. अमेरिकेच्या संसदेने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष विल्यम विल्सन स्वतः एके काळचे खाणकामगार होते. पुढे १९१५ पासून संसदेने लष्करी खर्चाला मंजुरी देतानाच स्टॉपवॉचला बंदी घातली आणि ही बंदी १९४९ पर्यंत चालली. घड्याळाने सेकंद बरोबर मोजले असतील. पण ज्याचे काम मोजायचे त्याला आधी विचारावे, हे कोणाला सुचले नाही.

माझ्या कारकुनाचे कोडे मात्र पीटर ब्लाऊ यांच्या १९५५ सालच्या पुस्तकात उलगडले. बेकारांना काम मिळवून देणाऱ्या एका अमेरिकन सरकारी कचेरीचा त्यांनी अभ्यास केला. तेथे आधी किती मुलाखती घेतल्या हे मोजत; म्हणून कर्मचारी भराभर मुलाखती उरकत आणि काम मिळवून देण्याकडे दुर्लक्ष होई. मग किती जणांना काम मिळाले हे मोजू लागले. त्याने सुधारणा झाली. पण काही कर्मचारी रिकाम्या जागांची माहिती शेजाऱ्यापासून लपवू लागले! आणि गंमत अशी, की ज्या गटात एकमेकांना साहाय्य करीत, त्या गटाचे एकूण काम अधिक भरले. तात्पर्य, वरिष्ठ जे मोजतो ते काम वाढते. जे मोजत नाही ते वाऱ्यावर जाते.

कोणी म्हणेल, हे सारे सरकारलाच लागू. तसे नाही. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ सालीच दाखवले, की लोकशाहीसाठी लढणारे पक्ष आणि कामगार संघटनाही हळूहळू मूठभरांच्या हाती जातात. वाचून मला राग आला. नंतर आठवले, की आमच्या युनियनच्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षे माझ्याच खिशात होती आणि एका सभासदाने हिशेब मागितला तेव्हाही मला असाच राग आला होता. आता किल्ल्या दोन आहेत आणि हिशेब फलकावर लागतो.

महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळावी आणि न मिळाल्यास अपील करता यावे, ही सोय चांगलीच आहे. पण मुदतीत अर्ज फेटाळला, तर तोही मुदतीतच निकाली निघाला की! म्हणून प्रत्येक कचेरीला नागरिकाने तीन प्रश्न विचारावेत. येथे काय मोजले जाते? ते ठरवताना काम करणाऱ्याला आणि काम घेऊन येणाऱ्याला विचारले होते काय? आणि परत गेलेल्या अर्जांचा हिशेब कोण ठेवतो?

त्या विधवेचे काय झाले, हे सांगून पुरे करतो. कारकुनाने आणि मी एकत्र बसून लागणाऱ्या कागदांची यादी केली. साहेबांच्या सहीने ती खिडकीवर चिकटवली. चौथ्या वेळी तिचे प्रकरण परत आले नाही.