टेन्साइल पास, तरी टाकी नापास

सकाळी साडेसात
भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये आल्या आल्या मी फ्यूम हूड गाठते. काल संध्याकाळी पाचला लावलेला फ्लास्क रात्रभर उकळतोय. कॉपर सल्फेट आणि सल्फ्युरिक ॲसिडचं निळं द्रावण, त्यात तांब्याचे तुकडे आणि त्यांच्यात पुरलेली, एका टाकीच्या प्लेटमधून कापलेली 304 स्टेनलेस स्टीलची पट्टी. मधोमध वेल्ड. किमान पंधरा तास उकळावं लागतं. रात्रपाळीच्या मामांनी कंडेन्सरच्या पाण्याची नोंद चोख ठेवली आहे. पाणी मध्येच गेलं असतं, तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली असती.

सव्वाआठ
पट्टी काढून धुतली. आता ती 180 अंशांत वाकवायची, आणि तीही तिच्या जाडीइतक्याच व्यासाच्या गजावर. चांगलं स्टील हे मुकाट सोसतं. ही पट्टी वाकली, आणि भिंगाखाली वेल्डपासून थोड्या अंतरावर बारीक भेगांची रांग दिसली. केसाएवढ्या, पण स्पष्ट.

हे होणार, असा अंदाज काल मायक्रोस्कोपनेच दिला होता. ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये दीड मिनिट करंट दिल्यावर ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांच्या, सीमांवर खोल चर उमटले होते. पण त्या चाचणीवर माल पास करता येतो, नापास करता येत नाही. म्हणून ही रात्रभराची उकळी.

कारण कार्बनचं आहे. वेल्डिंग करताना शेजारचा पट्टा साधारण 450 ते 850 अंशांत रेंगाळला, की कार्बन ग्रेनच्या सीमेवर क्रोमियमशी संयोग पावतो आणि लगतच्या भागातलं क्रोमियम कमी होतं. स्टीलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा, काही नॅनोमीटर जाडीचा. त्यासाठी निदान साडेदहा टक्के क्रोमियम हवं. ते नसेल तिथे ॲसिड सरळ आत शिरतं.

साडेदहा
स्पेक्ट्रोमीटरवर गर्दी. तुकडा घासून आर्गॉनमध्ये स्पार्क मारायचा. बऱ्याच पार्ट्या हातातल्या एक्सरे गनचं रीडिंग घेऊन येतात. ती गन क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम नीट सांगते, पण कार्बन तिला दिसत नाही. म्हणजे 304 आणि 304 एल यांतला फरक तिला कळतच नाही. सकाळच्या टाकीच्या प्लेटचा कार्बन आला 0.06 टक्के. 304 साठी नियमात बसतो. एल ग्रेडची मर्यादा 0.03 आहे.

भंगारवाल्यांचा आणि भांडीवाल्यांचा भरवसा लोहचुंबकावर. त्यावर मी भांडायला तयार असते. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं 200 सीरिजचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. उलट अस्सल 304 चं वाडगं दाबून काढलं, की त्याच्या कोपऱ्यात थोडं मार्टेन्साइट तयार होतं आणि चुंबक तिथे किंचित ओढतो.

बारा
यूटीएम, म्हणजे तुकडा ओढून तोडायचं मशीन. त्याच प्लेटचे टेन्साइल पीस. स्टेनलेसचा यील्ड पॉइंट मऊ स्टीलसारखा ठळक दिसत नाही, म्हणून 0.2 टक्के प्रूफ स्ट्रेस मोजतो. किमान हवा 205 एमपीए, आला 286. टेन्साइल किमान 515, आलं 634. खुणेच्या 50 मिलीमीटरचे तुटेपर्यंत 78 झाले. तुकडा एका जागी लगेच बारीक होत नाही. जिथे ताणला जातो तिथेच कठीण होतो, मग ताण शेजारी सरकतो, आणि सगळी लांबी मिळून वाढते. आयटीआयचा नवा पोरगा दर वेळी हे पाहायला काम सोडून येतो. मी अडवत नाही. वेल्डसकट ओढलेला पीसही वेल्डपासून लांब, मूळ प्लेटमध्ये तुटला. ताकदीत बोट ठेवायला जागा नाही.

अडीच
फॅब्रिकेटरचा फोन. "मॅडम, टेन्साइल एक नंबर आलंय म्हणे. मग रिपोर्ट देऊन टाका ना."
"दादा, टाकीत नायट्रिक ॲसिड भरणार आहात. ते टेन्साइल बघत नाही."
"आता प्लेट बदलायची?"
"304 एल घ्या, नाहीतर टायटॅनियमवालं 321. आणि वेल्डिंगच्या दोन पासमध्ये जॉब थंड होऊ द्या."

भट्टीत हजारच्या वर तापवून पाण्यात विझवलं तर ती कार्बाइडं विरघळतात, पण एवढी मोठी टाकी कुठल्या भट्टीत घालणार? थोडा वेळ ते गप्प होते. मला त्यांची अडचण कळते, पैसे त्यांचेच अडकलेत. पण ही टाकी सीमासीमांनी पोखरली जाईल, आणि तिच्याखाली माणसं काम करतील.

साडेचार
सॉल्ट स्प्रे कॅबिनेट. पाच टक्के मिठाचं पाणी, 35 अंश. कोकणातल्या एका कामासाठी रेलिंगचे तुकडे लावलेत. एकाच 316 चे दोन, तरी खरखरीत पॉलिशवाल्यावर तपकिरी डाग आणि गुळगुळीत जवळजवळ स्वच्छ. दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम मिठातल्या क्लोराइडला तोंड देतं, पण घासल्याच्या ओरखड्यांत मीठ साचून राहतं. आणि कुणी साध्या लोखंडी वायर ब्रशने घासलं असेल, तर गंज त्या ब्रशच्या कणांचा. कॅबिनेटमधल्या तासांवरून समुद्रकाठची वर्षं काढून द्या, असं पार्टी म्हणते. तसं गणित मी रिपोर्टमध्ये लिहीत नाही.

सव्वासहा
सही करायला बसले, तेवढ्यात सकाळच्या टाकीचे फॅब्रिकेटर स्वतःच आले. डीलरकडच्या 304 एल प्लेटचं मिल सर्टिफिकेट हातात, कार्बन 0.021. प्लेटचा तुकडा आणलाय का, विचारलं. पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. हीट नंबर सर्टिफिकेटशी जुळवून घेतला आणि स्पार्कच्या रजिस्टरमध्ये पहिल्या ओळीवर चढवला.