कोल्हापूर आरटीओत पहाटे रांग कशाला? आधी स्लॉट पाहा!

कोल्हापूर : राधानगरी किंवा गारगोटीहून सकाळची एसटी पकडून आरटीओ गाठायचे, तर त्या दिवसाचा रोज बुडतो. निघण्यापूर्वी एवढे तपासा.

कोणत्या कामाला जावे लागत नाही?
शिकाऊ लायसन्सची परीक्षा राज्यात जून २०२१ पासून आधार क्रमांकावरून घरबसल्या देता येते. लायसन्सचे नूतनीकरण, पत्ताबदल आणि दुय्यम प्रतीसाठीही ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करता येतो. मात्र आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा.

कोणत्या कामाला जावेच लागते?
पक्क्या लायसन्सची चाचणी गाडी चालवूनच द्यावी लागते. तिचा स्लॉट ‘सारथी’वरच घ्यायचा असतो. तो नसेल, तर रांगेत पहिला नंबर असूनही उपयोग नाही.

मग घाई कधी करायची?
शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने असते. ३० दिवसांनंतर पक्क्यासाठी अर्ज करता येतो. शेवटच्या आठवड्यात स्लॉट मिळाला नाही, तर पुन्हा शिकाऊपासून सुरुवात. पक्क्या लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटले, तरी पुन्हा चाचणी द्यावी लागते.

थोडक्यात, पहाटेचा गजर लावण्यापेक्षा तिसाव्या दिवसाचा रिमाइंडर लावा.